कुलूपबंद कपाट, तिसरीतला पोरगा आणि एका आईचं पत्र

सोलापूरच्या विडी घरकुलातनं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतनं, एका आईचं पत्र आलंय, नाव टाकू नका म्हणाल्यात म्हणून टाकत नाही. पत्र त्यांनी नववीतल्या मुलीकडून लिहून घेतलंय, कारण त्या स्वतः सोलापुरातच तेलुगू शाळेत पाचवीपर्यंत शिकल्या, मराठी बोलायला अडत नाही पण लिहायला हात चालत नाही. त्यातलं मुख्य तेवढं इथं देते:

"माझा धाकटा मनपाच्या मराठी शाळेत तिसरीला आहे. वाचायला बसवलं की एकेक अक्षर जोडत जातो, दोन ओळीत कंटाळतो. मोबाईल दिला की दोन तास हलत नाही. त्याला वाचनाची आवडच नाही. शाळेत गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट आहे, भरलेलं आहे, मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे म्हणून डोळ्यांनी बघितलंय, पण त्याला कायम कुलूप. मोठ्या मॅडम म्हणतात फाटली, हरवली तर भरून कोण देणार, ऑडिटला काय दाखवू. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, बाहेर काढतात, पोरांच्या हातात देऊन फोटो काढतात, परत आत. मी दिवसभर विडी वळते, हे लूमवर असतात, ह्यांचं म्हणणं गोष्टी वाचून मार्क मिळतात काय. पण मला वाटतं माझ्या पोरानं वाचावं, आणि गल्लीतल्या सगळ्याच पोरांना पुस्तकं मिळावीत. घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्याचाही त्रास होत असेल का? काय करू?"

ताई, नमस्कार.

पोराला आवडच नाही हे काही मला पटलेलं नाही. ज्यानं हुरडा कधी तोंडात घातलाच नाही त्याला हुरडा आवडत नाही असं कसं म्हणायचं? त्याच्या हातात आजवर आलं ते पाठ्यपुस्तक, आणि त्यात धडा संपला की खाली प्रश्न उभेच असतात. गोष्टीचं पुस्तक, जे घरी न्यायचं, लोळत वाचायचं, नाही आवडलं तर बाजूला टाकायचं, असं त्याला अजून मिळालेलंच नाही. म्हणून आवड कशी लावू हा प्रश्न जरा मागे ठेवा आणि पुस्तक हातात कसं येईल ते आधी बघू, कारण ते तुमच्या हातात आहे, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच जास्त.

कपाटाचंच घ्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे ना, त्याच्या अनुसूचीत लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं असतील, गोष्टींची पुस्तकं धरून. त्याच कायद्यानं तुमची समिती बनलीय, तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायलाच पाहिजेत, म्हणजे तुम्ही तिथं बसता ते कुणी मेहेरबानी केली म्हणून नाही. शिवाय समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. बैठकीत विचारा की आपल्या शाळेला यंदा ते आले का, त्यातनं काय घेतलं. भांडायला नको, नुसतं विचारायचं आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या वहीत, नोंद करायला सांगायचं.

पण ताई, मॅडमना वाईट ठरवू नका. त्यांची भीती खरी आहे. शाळेतली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढते, मुख्याध्यापक बदलून गेले की चार्ज देताना एकेक नग मोजून द्यावा लागतो आणि कमी भरला की प्रश्न त्यांनाच विचारतात, कधी खिशातनं भरावं लागेल अशी धास्तीही असते. असं असल्यावर कोण पुस्तक पोराच्या हातात देईल? कुलूप सगळ्यात सेफ. म्हणून "मॅडम, कुलूप काढा" एवढं बोलून काहीही होणार नाही, त्यांच्या डोक्यावरचं ओझं समितीनं वाटून घेतलं तर होईल. त्यासाठी ठराव करायचा. मुलीला सांगा असा लिहून ठेव: "ग्रंथालयातील पुस्तके मुलांना आठवड्यातून एकदा घरी वाचायला देण्यात यावीत. वापरामुळे पुस्तके फाटणे, जीर्ण होणे, काही गहाळ होणे स्वाभाविक असून त्याची जबाबदारी कोणा एका शिक्षकावर राहणार नाही. अशा पुस्तकांची यादी वर्षाअखेरीस समितीसमोर ठेवून निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा." निर्लेखन म्हणजे वापरून संपलेली वस्तू रीतसर रजिस्टरमधनं कमी करणं, मॅडमना शब्द माहीत आहे, खुर्च्या-सतरंज्यांचं करतातच. पुस्तकांचंही करता येतं, फक्त कुणीतरी मागणी करायला पाहिजे. प्रस्ताव कुणाकडे, कुठल्या नमुन्यात जातो ते मॅडमनीच वरच्या ऑफिसला विचारून घ्यावं, त्यांनाही पाठीशी समितीचा कागद असला की विचारायला जोर येतो.

एस. आर. रंगनाथन म्हणून आपल्या देशातले फार मोठे ग्रंथपाल होऊन गेले, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की पुस्तकं वापरासाठी आहेत. जुन्या काळी युरोपात पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवायचे त्याबद्दलही त्यांनी लिहिलंय. आपल्याकडे साखळीच्या जागी कुलूप आहे. मॅडमशी बोलताना हे नाव घ्या, शिक्षकांनी ऐकलेलं असतं.

आता पुस्तकं बाहेर आली तर सांभाळायची कशी, ते जरा डिटेलमध्ये सांगते कारण गाडी तिथंच अडते. शनिवारी सकाळची शाळा असते, सुटायच्या आधी अर्धा तास पुस्तकवाटप. वाटप शिक्षकांनी करायचं नाही, चौथीतल्या दोन-तीन पोरांनी करायचं, साध्या वहीत चार रकाने, नाव, पुस्तक, नेलं कधी, आणलं कधी, बस. पुस्तक पोरानं स्वतः निवडायचं, चटईवर सगळी पसरून ठेवायची म्हणजे मुखपृष्ठ दिसतं, कपाटात उभी लावली की नुसत्या कडा दिसतात आणि तिसरीतल्या पोराला कडेवरचं बारीक नाव वाचता येत नाही. दंड ठेवायचा नाही, एक रुपयासुद्धा नाही, दंड लागला की गरीब घरातली पोरं पुस्तक घेणंच बंद करतात आणि त्यांच्यासाठीच तर हे सगळं चाललंय. फाटलं तर सेलोटेप लावू नका, ती काही महिन्यांत पिवळी पडते, कडक होते आणि सोबत कागदही खराब करते. पातळ कागदाची पट्टी कापायची, फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून लावायचं आणि वर वजन ठेवायचं. कव्हर जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं. हे काम पोरांनाच द्या, महिन्यातनं एकदा, ज्यानं स्वतः पान चिकटवलंय तो पुढच्याला जपून वापर म्हणून बजावतो.

आणि एक पिशवी. आपल्या सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांत कडेचे, डिफेक्टचे तुकडे पडलेले असतात, लूमवरच्या माणसाला ते मागणं अवघड नाही, इथं तुमच्या ह्यांचं काम आहे. त्याच्या पिशव्या शिवायच्या, एका पुस्तकाला एक. तुमच्या घरात सुपात तंबाखू, पानं भिजवलेली, नळाला पाणी येतं त्या दिवशी घरभर घागरी आणि टिपं, अशा घरात पुस्तक खुंटीला पिशवीत लटकत राहिलं तर टिकेल. मॅडमना पहिल्या बैठकीत नमुन्याला शिवलेली एक पिशवी नेऊन दाखवा, कागदावरच्या ठरावाइतकाच त्याचाही उपयोग होईल.

आता घरातलं. तुम्ही म्हणता दिवसभर विडी वळते, वेळ नाही. ताई, तुमचे हात अडकलेत, कान मोकळे आहेत! पोराला जवळ बसवा आणि त्याला म्हणा तू वाच, मी ऐकते. क्युबा नावाच्या देशात सिगार वळणाऱ्या कामगारांनी १८६५ पासून हे केलं, हवानाच्या कारखान्यांत एक माणूस उंच जागी बसून मोठ्यानं पेपर आणि कादंबऱ्या वाचायचा आणि खाली कामगार पानं वळता वळता ऐकायचे, त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतनं वर्गणी काढून द्यायचे. कितीतरी लोक अक्षर न शिकता मोठमोठ्या लेखकांच्या गोष्टी ऐकून होते. तुमच्या ओट्यावर दुपारी चार बायका सूप घेऊन बसत असतील, तिथं तुमची नववीतली मुलगी शाळेतनं आल्यावर वीस मिनिटं मोठ्यानं वाचू शकते. पोरं आपोआप गोळा होतात, त्यांना बोलवायलाही लागत नाही. धाकट्याला त्यातली एखादी ओळ, एखादा डायलॉग वाचायला द्यायचा, अख्खं पान नाही.

तो वाचतो तेव्हा काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. मधे मधे चूक सुधारायची नाही, तो "माझा पुस्तक" म्हणाला तर म्हणू दे, तेलुगूत नपुंसकलिंगाची आपल्यासारखी भानगड नाही, ऐकून ऐकून सुधारतं. अडला तर तीन-चार सेकंद थांबा आणि शब्द सांगून टाका, मुलीला जवळ बसवलं तर ती सांगेल. संपल्यावर तात्पर्य विचारायचं नाही. आपल्याकडे कुणी पोराच्या हातात पुस्तक बघितलं की लगेच "काय वाचलालास बे, सांग बघू काय शिकलास" सुरू होतं, म्हणजे परत परीक्षाच झाली ना. त्यापेक्षा तुम्ही म्हणा, ते माकड काय डोकं चालवतंय बघ. किंवा काहीच म्हणू नका. एकच पुस्तक दहा वेळा आणलं तर आणू दे, पाठ झालेलं पुस्तक वाचताना पोराला पहिल्यांदा कळतं की आपल्याला भराभर वाचता येतंय, आणि ती चव लागली की पुढचं सोपं होतं. अर्धवट सोडलं तरी चालेल.

पुस्तक कोणतं? तिसरीत आहे म्हणून तिसरीच्या मापाचं देऊ नका. एका पानावर एक-दोन ओळी, मोठं चित्र, जोडाक्षरं कमी, असं. पण त्याला हे लहान पोरांचं आहे असं म्हटलं की तो हात लावणार नाही, त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे आणि तो मला स्वतःला फार आवडतो: त्याला सांगा अंगणवाडीतल्या पोरांना वाचून दाखवायचंय, आधी घरी प्रॅक्टिस कर. मग तेच पातळ पुस्तक मानाचं होतं. अंगणवाडीताईंना आधी सांगून ठेवा, त्यांनाही दहा मिनिटं पोरं शांत बसलेली हवीच असतात.

तेलुगूचं विचारलंत. अहो, त्रास कसला, तेलुगू हे तुमच्या घरातलं धन आहे, कुणी घरी मराठीच बोला म्हणालं तर ऐकू नका. गोष्ट म्हणजे काय, पुढे काय होणार म्हणून थांबणं, हसणं, घाबरणं हे पोरगं आईच्या भाषेतच शिकतं, तुम्हाला तुमच्या आजीनं सांगितलेल्या गोष्टी त्याला तेलुगूतच सांगा, ते वाचनात जमाच होतं. आणि तुम्हाला तर तेलुगू वाचता येतं! प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ साली स्टोरीवीव्हर नावाची वेबसाईट काढली, तिथं हजारो चित्रगोष्टी फुकट आहेत, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सगळ्या गल्ल्यांना पुरतील अशा. वाचायच्या अवघडपणाप्रमाणे चार लेव्हल आहेत, त्याला एक आणि दोन बघा. बऱ्याच गोष्टी एकापेक्षा जास्त भाषांत आहेत, तर तीच गोष्ट तुम्ही तेलुगूत वाचायची आणि त्यानं मराठीत. त्याला आधीच कळलेलं असतं गोष्टीत काय आहे, मग मराठी शब्द ओळखायला निम्मी मेहनत लागते. शिवाय आई वाचताना दिसते, ते वेगळंच.

म्हणजे मोबाईल कायमचा बंद करा असं मी म्हणत नाहीये. दोन तासांचे व्हिडिओ कमी करायलाच पाहिजेत, पण मोबाईल आपल्या गल्लीतलं पुस्तकांचं दुकानही होऊ शकतो. त्या गोष्टी डाऊनलोड करून प्रिंट काढायला परवानगी आहे, काळी-पांढरी झेरॉक्स काढा, पानं मधोमध दुमडा आणि शिवा, विडीचा दोरा बारीक पडतो, गोधडीचा घ्या. चित्रं पोरं रंगवतात. मुलीसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत, तिसरीतल्याला ते जड जाईल पण ओट्यावर वाचून दाखवायला एकदम मस्त.

आणखी एक, आणि हे टाळू नका. अक्षराला अक्षर जोडत वाचतो म्हणालात, तर त्याचे डोळे तपासलेत का? पुस्तक नाकाजवळ धरतो का, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवतो का बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम शाळेत तपासणीला येते, ती कधी येणार मॅडमना विचारा, नाहीतर सिव्हिलला घेऊन जा. डोळे ठीक असतील आणि तरी काना-मात्रा, जोडाक्षरात गोंधळत असेल तर वर्गशिक्षकांना सरळ सांगा की ह्याला रोज दहा मिनिटं तेवढंच घ्या. पुस्तकं भरपूर मिळाली तरी अक्षरओळख कच्ची राहिली तर पोरगं चित्रं बघून पानं उलटत राहील, दोन्ही बरोबर चालायला पाहिजे.

तुमच्या ह्यांना काय सांगायचं? मार्कांचंच सांगा, त्यांना ते पटेल. गणिताच्या पेपरात बेरीज-वजाबाकी सरळ येत नाही, "रमाकडे इतके आंबे होते, त्यातले तिने इतके दिले" असं चार ओळींचं येतं, आणि पोराला आकडेमोड येत असूनही तो चुकतो कारण चौथ्या ओळीला पोचेपर्यंत पहिली विसरलेला असतो. भराभर वाचता आलं की ती अडचण जाते. एवढं सांगा आणि मग सुट्टीच्या दिवशी त्यांना एक पान ऐकायला बसवा. बाप ऐकतोय म्हटल्यावर पोरगं जे वाचतं ना, ते आपण कितीही मागे लागलो तरी वाचत नाही.

गल्लीसाठी फार मोठा घाट घालू नका, वाचनालय, उद्घाटन, बोर्ड, नारळ काही नको. एखाद्या ओट्याला दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे लावून वीस-पंचवीस पातळ पुस्तकं लटकवा, रविवारी संध्याकाळी दोन तास. शिवलेल्या झेरॉक्स गोष्टी त्यातच. चार घरांनी थोडी थोडी वर्गणी काढली तर नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तकं परवडतात, चादरीएवढ्या किमतीत बरीच येतात. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, मुलीला घेऊन एकदा जाऊन या, मुलांच्या पुस्तकांचं आणि वर्गणीचं विचारा, एक कार्ड काढून आळीपाळीनं पुस्तकं आणता येतात. फक्त स्पर्धा लावू नका, कुणी किती वाचली याचा तक्ता नको, बक्षीस नको. असं झालं की जी पोरं आधीच वाचतात ती शंभर पुस्तकं लिहून आणतात आणि तुमच्या धाकट्यासारखी चटईवरनं उठून जातात. अडखळणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावणं तर अजिबात नको.

सगळं एकदम करू नका. पहिली पायरी ठरावाची. पुढच्या बैठकीची तारीख विचारून घ्या आणि "ग्रंथालयातील पुस्तके घरी देणे" हा विषय विषयपत्रिकेवर घ्या म्हणून आधीच एक अर्ज द्या, मुलीच्या अक्षरात, खाली तुमची सही, तेलुगूत केलीत तरी चालते. समितीतल्या आणखी दोन आयांशी अगोदर बोलून ठेवा म्हणजे बैठकीत तुम्ही एकट्या पडणार नाही. ठराव झाला की त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, मोठ्या मॅडम बदलून गेल्या तर नव्या येतील त्यांना पहिल्याच आठवड्यात नेऊन दाखवायची आहे.